कार्डात शिरलेली देवी

"चौदा हजार! अहो, चौदा हजारांच्या वर गेलं!"

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि गल्लीभर गलका उठला. ढोल थांबला. पायाखाली फटाक्यांच्या लाल कागदांचा खच, डोक्यावर पुलाचं काळं पडलेलं काँक्रीट, आणि मधल्या अरुंद जागेत घामाने निथळणारी माणसांची दाटी. तैपेईतल्या संगणक बाजाराची ही मागची गल्ली. जमलेल्यांपैकी निम्म्या जणांच्या गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं लटकत होती. चिनी पंचांगातला सातवा महिना चालू होता, भुतांचा. वादळ समुद्रावर येऊन थबकलं होतं, किनाऱ्याला लागेल की नाही हे रेडिओवाल्यांनाही सांगता येत नव्हतं. भर दुपारी आभाळ कळकट दिसत होतं. दुकानादुकानापुढे जाळलेल्या पूजेच्या कागदांची राख तरंगत येऊन लोकांच्या केसांवर, खांद्यांवर बसत होती. ती कुणी झटकत नव्हतं. या महिन्यात खांदे झटकू नयेत म्हणतात.

कुओ नावाचा नेट-कॅफेवाला संगणकाच्या पडद्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. कार्ड त्याचंच होतं.

"शिफू, हे माझंच कार्ड ना? नक्की?"

"तुझी सही आहे त्याच्यावर. वाच की! का सहीसुद्धा देवीनेच केली?" फांग शिफू म्हणाला, आणि लोक खो खो हसले.

शिफू म्हणजे उस्ताद. तिथे गवंड्याला शिफू म्हणतात, टॅक्सीवाल्याला म्हणतात, मांत्रिकालाही म्हणतात. हा फांग तिसऱ्या जातीचा. पिवळा रेशमी अंगरखा, मनगटाला लाल दोरा, गालांवर पौष्टिक चकाकी. त्याच्यामागे वीजमातेची मूर्ती होती, दोन्ही हातांत आरसे धरलेली. मूर्तीपुढे लग्नाच्या जेवणावळीत असतं तसं मोठं गोल टेबल. त्यावर लाल कापडाचा मांडव, आणि मांडवातून तोंड बाहेर काढलेली संगणकाची पेटी. पेटीवर रिवाजाप्रमाणे नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. तैवानमध्ये हे पाकीट ठेवल्याशिवाय कुणी यंत्र चालू करत नाही. पाकीट हिरवंच हवं, न फोडलेलं हवं, आणि मुदत न संपलेलं हवं. नाहीतर यंत्र रुसतं.

घडायचं ते असं. भक्ताने आपलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकात चित्रं उमटवणारी पाटी, आणायचं, त्यावर सही करायची आणि स्वतःच्या हाताने पेटीत बसवायचं. मग चाचणी. पडद्यावर एक राजवाडा उजळे, घोडे धावत, धूर उठे, आणि शेवटी कार्डाला गुण मिळत. कुओच्या कार्डाला पहिल्या खेपेला नऊ हजार मिळाले होते. मग कार्ड बाहेर काढून शिफूच्या हातात. शिफू ते उदबत्त्यांच्या धुरात फिरवी, त्यावर शेंदराचा ठिपका देई, डोळे पांढरे करी. पेटीवर लाल पडदा पडे, ढोल घुमे, फटाक्यांची माळ लागे. मग पडदा सरे, भक्त कार्ड पुन्हा बसवी, तोच राजवाडा, तेच घोडे. आणि आता चौदा हजार.

"तुम्ही म्हणता कार्ड जुनं झालं," शिफू घसा साफ करून सुरू झाला. "जुनं नाही रे बाबांनो, झोपलंय! चिप कशाची? वाळूची. वाळू म्हणजे माती. मातीला जागं कोण करतं? वीज! आणि विजेची आई कोण? हं, बोला की, इंजिनिअरसाहेब, जीभ गिळली का?" पुन्हा हशा. "मी कुणाला श्रद्धा ठेवा म्हणत नाही. श्रद्धा म्हाताऱ्यांनी ठेवावी. मी म्हणतो, मोजा! बाकीच्या देवळात मोजायला देतात का? आमची आई देते. आकडा कधी खोटं बोलतो का?"

"नाही!" गल्ली म्हणाली.

गर्दीच्या कडेला त्सेंगबाई उभ्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, हातात कागदी पंखा. जन्मभर त्यांनी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. या पुलाखाली पूर्वी जुनी पुस्तकं विकायला असत. पावसाळ्यात त्यांना दमट वास यायचा आणि दुकानदार पुस्तकांना कापडाने पुसत बसायचे. बाईंनी आपलं पहिलं विजेचं पुस्तक इथेच घासाघीस करून घेतलं होतं. आज त्या लेकीच्या आग्रहाने आल्या होत्या. लेक, युनरू, शेजारी होती, आणि दोघींच्या मध्ये नऊ वर्षांची निंग, आजीचं बोट धरून.

शिफूची नजर निंगवर थांबली. तो गर्दीतून वाट काढत आला, खाली वाकला.

"हीच का ती?"

"हो शिफू," युनरू पुटपुटली.

"बिचारी. हिच्या डोक्यात वीज आडवाटेने जाते. कार्डासारखंच आहे बघ हे, आतला माल चांगला, पण वीज नीट लागत नाही." त्याने निंगच्या कपाळावर अंगठा ठेवला. निंग आक्रसली. "पौर्णिमेला आण. आईच्या पायांवर घाल. पण ऐक, दोन विजा एका तारेतून जात नाहीत. बाहेरचं औषध आतापासून बंद. राहिलेल्या गोळ्या त्या दिवशी भट्टीत टाकायच्या."

"बंद म्हणजे कमी कमी करत?" त्सेंगबाईंनी विचारलं.

"आमा, दिवा कमी कमी करत विझवतात का?" शिफू गोड हसला. तिकडे आजीला आमा म्हणतात, आणि अनोळखी म्हातारीलाही. "खटका दाबायचा, विझला."

निंगला चार वर्षं अपस्मार होता. तिला फिट यायची. कधी नुसतीच शून्यात नजर लावून बसायची आणि चमचा हातात तसाच राहायचा, कधी सगळं अंग ताठ होऊन हिसके बसायचे. रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी. गोळी अचानक बंद केली तर एखादी फिट आली ती थांबायचीच नाही असंही होऊ शकतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावून सांगितलं होतं. त्या वेळी युनरूनेच त्यांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं.

घरी जेवताना त्सेंगबाईंनी पाहिलं. निंगच्या ताटाशेजारची गोळीची बशी रिकामी होती.

"गोळी?"

"दिली नाही." युनरू माशाचा काटा काढत राहिली. "आणि तू देऊ नकोस, आई. पाकिटं माझ्याकडे आहेत."

"अगं, तू इंजिनिअर ना? कार्डं तपासण्याचा पगार घेतेस ना?"

"म्हणूनच!" युनरूने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "मी काय गंडेदोरे बांधून फिरणारी आहे? बारा वर्षं मी हेच करते. कार्ड लावते, चाचणी घेते, गुण लिहिते. टक्काभर फरक पडला तरी आमच्याकडे बैठक बसते. माझं स्वतःचं कार्ड मी मागच्या आठवड्यात नेलं, सही केली, माझ्या हाताने बसवलं, माझ्या हाताने काढलं. माझेही नऊ हजार होते ते निम्म्याने वाढले, आई! निम्म्याने! याला दुसरं कारण सांग ना. मी रात्रंदिवस शोधलं, मला नाही सापडलं."

"म्हणून देवी?"

"म्हणून काहीतरी आहे एवढं तरी मान. चार वर्षं डॉक्टर झाले. तिची फिट कमी झाली का? महिन्यातून एकदा येतेच. तो आकडा हलला नाही. इथे माझ्या डोळ्यांदेखत हलला."

"आई ओरडू नको ना," निंग हळूच म्हणाली. "मला भात पुरे."

त्सेंगबाईंनी निंगचं ताट उचललं. त्यांच्या डोळ्यांपुढे एक वाडगा आला होता. युनलिनमधल्या त्यांच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ तापाने फणफणला तेव्हा आईने देवळातून राख आणली होती. राख पाण्यावर तरंगत होती, बुडत नव्हती, आणि आई अंगठ्याने ती दाबून दाबून बुडवत होती. एकेक घोट पाजताना आईच्या चेहऱ्यावर केवढी खात्री होती! तशीच खात्री आज त्यांना लेकीच्या चेहऱ्यावर दिसत होती. भाऊ त्या आठवड्यातच गेला. त्यानंतर आई बोलेनाशी झाली ती कायमचीच.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच गल्लीत गेल्या. यावेळी त्या पुढे बसल्या, म्हाताऱ्या म्हणून लोकांनी खुर्ची दिली. सगळ्यांचे डोळे कार्डावर होते. कार्ड शिफूच्या हातात, कार्ड धुरात, कार्डावर शेंदूर. शिफूही म्हणत होता, "कार्डावरून नजर हलवू नका हं, नाहीतर म्हणाल बदललं!" शाळेत एखादी मुलगी "बाई, इकडे बघा ना" म्हणाली की बाई आधी दुसरीकडे बघायच्या. सवयीने त्यांनी कार्डावरची नजर काढली आणि पेटीकडे लावली.

लाल पडदा पडायच्या आधी पेटीवरचं हिरवं पाकीट फुगलेलं, चकचकीत होतं. पडदा सरला तेव्हा तेच पाकीट मऊ पडलेलं, विटलेलं होतं.

बाईंनी डोळे चोळले. चालत्या यंत्रावरचं पाकीट तिथे कुणीही हलवत नाही. सफाईवाली बाईसुद्धा त्याच्याभोवतीनं फडकं फिरवते. मग पाकीट पाच मिनिटांत शिळं कसं झालं?

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कडेला मंत्रांच्या पिवळ्या कागदांचं तोरण चिकटवलेलं होतं. वर मोठ्या अक्षरांत कार्डाचं नाव दिसत होतं, गुण दिसत होते. खाली जे काही लिहून येत असेल, ते सगळं देवीच्या मंत्राआड.

तिथून त्या थेट बाजारात रुईचिनच्या गाळ्यावर गेल्या. रुईचिन त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सुट्या भागांचं दुकान चालवणारी, तीन मुलांची आई.

"बाई! चहा घेता का? तुम्ही आलात की मला अजून वाटतं, गृहपाठ राहिलाय."

"राहिलाच आहे. मला सांग, कार्ड तेच ठेवून गुण कसे वाढवायचे?"

रुईचिन हसली. "त्यात काय! प्रोसेसर बदला."

"सोपं करून सांग. मी दिव्याची तार आणि पाण्याचा नळ शिकवणारी बाई."

"समोरचा नूडलवाला बघा. कढईवर नवरा, भाज्या चिरायला बायको. कढई म्हणजे तुमचं कार्ड, चित्र शिजवणारं. प्रोसेसर म्हणजे चिरणारी बाई. घोडा कुठे, माणूस कुठे, धूर कुठल्या बाजूला, हे ती चिरून चिरून कढईत टाकते. ती हळू असेल तर कढई नुसती तापत बसते. तासाला किती प्लेटी निघाल्या ते तुम्ही मोजता आणि म्हणता, नवरा आळशी! आता बायकोच्या जागी दोन्ही हातांनी चिरणारी बाई आणा. प्लेटी वाढल्या. नवऱ्याच्या अंगात देवी आली का?"

"आणि हे बघणाऱ्याला कळणार कसं नाही?"

"पेटी तीच आहे असं वाटलं तर कसं कळेल? शिवाय युनरूसारख्यांना तर नाहीच कळणार. राग मानू नका, बाई. त्यांच्या प्रयोगशाळेत सगळ्यात तगडा प्रोसेसर कायमचा बसवलेला असतो, कार्डाला कधी थांबायला लागू नये म्हणून. तो बदलतच नाही. त्यामुळे आकडा हलला की कार्डामुळेच हलला, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पेटीकडे त्या बघतच नाहीत. मासोळी पाण्याकडे बघते का?"

तिने बोलता बोलता एक कार्ड काढलं, आधी जुन्या पेटीत लावलं, मग नव्या. नऊ हजारांच्या आसपास, मग चौदाच्या. बाईंनी पंखा मिटला.

"आणि लबाडी पकडायची कशी? पेटी तो उघडू देणार नाही."

"उघडायची गरजच नाही. मोठं चित्र लावा, चौपट मोठं. चिरायचं काम तेवढंच राहतं, पण कढईला चौपट राबावं लागतं. मग कढईच अडते. चिरणारी बाई हळू असो की चपळ, प्लेटी तेवढ्याच." तिने दोन्ही पेट्यांवर तसं करून दाखवलं. पाच हजार शंभर. पाच हजार एकशे तीस. "कार्डात खरंच ताकद आली असती तर ती जड कामात आधी दिसली असती ना?"

बाईंनी घरी सगळं सांगितलं. युनरू ऐकत होती, पण तिचा चेहरा दाराच्या फळीसारखा बंद होता.

"पेटी तीच आहे. मी समोर उभी होते."

"पाकीट?"

"बदललं असेल कुणी. मुदत संपली असेल."

"मग पौर्णिमेला त्याला मोठ्या चित्रावर मोजायला सांग. एवढं एकच कर."

"आई, तुला कळत कसं नाही?" युनरूचा आवाज फुटला. "मला मोजायचं नाहीये आता. मला ती बरी व्हायला हवी आहे."

बाईंनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, आत्ता घेऊन या. युनरूने दाराला पाठ लावली. निंग त्या दिवसांत फार गप्प गप्प असायची. पेजेचा चमचा तोंडाशी नेता नेता थांबायची, ओठांचा एक कोपरा फडफडायचा, आणि मग काही झालंच नाही अशी पुन्हा जेवू लागायची. आधी हे कधीमधी व्हायचं, आता रोज होऊ लागलं. युनरू तिकडे बघत नसे. फिट थांबली नाही तर गालाच्या आत सोडायचं औषध कपाटात होतं. बाईंनी ते आपल्या पिशवीत टाकलं.

पौर्णिमा उजाडली ती उजाडल्यासारखी वाटलीच नाही. वारा पडलेला, आभाळ शिशाच्या रंगाचं. प्रत्येक दुकानापुढे, प्रत्येक बँकेपुढे भुकेल्या भुतांसाठी टेबलं मांडलेली: फळं, तांदूळ, डबाबंद पेयं, उदबत्त्या खोचलेली सबंध कोंबडी. लोखंडी भट्ट्यांमधून कागद जळत होते. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मूर्तीसमोर निंगसारखीच आणखी तीन-चार मुलं बसवलेली होती, आणि त्यांच्या आयांच्या हातांत औषधांच्या पिशव्या होत्या. 

"आधी कार्ड, मग लेकरं!" शिफूने जाहीर केलं. "आधी आईची ताकद बघा, मग आईच्या हवाली करा. कुणाचं कार्ड?"

"आमचं." त्सेंगबाई उठल्या. घरच्या संगणकातलं युनरूचं कार्ड त्यांनी कुणाला न विचारता आणलं होतं. "पण शिफू, म्हातारीची एक शंका आहे."

"बोला आमा, शंका फेडणं हेच आमचं काम."

"कार्डात खरंच शक्ती येते ना?"

"आकडा बघालच की."

"मग जड ओझं द्या की तिला. एवढ्याशा चित्रावर काय मोजता? चौपट मोठं चित्र लावा. आधीही तेच, नंतरही तेच. का देवीला मोठं चित्र झेपत नाही?"

शिफू ते हसण्यावारी नेणार होता. पण गर्दीत इंजिनिअर होते, त्यांना कल्पना पसंत पडली. "हो हो, फोर-के लावा!" "लावा की शिफू, आई आहे ना!" "मोजा म्हणता ना, मग मोजू!"

शिफूची गोची झाली. मोजा, मोजा असा घोशा त्यानेच लावला होता. त्याने हात उंचावला. "लावा!"

पहिल्या खेपेला पाच हजार शंभर आले. पडदा पडला, ढोल घुमला, माळ तडतडली. धूर जरा जास्तच केला त्याने. शेंदरही जास्त. कार्ड पुन्हा बसलं. राजवाडा उजळला, घोडे धावले, आणि आकडा उमटला.

पाच हजार एकशे वीस.

 कुणीतरी म्हणालं, "परत लावा, काहीतरी चुकलं."

"चुकलं ते इथे नाही!" शिफू गरजला. "अविश्वासाची नजर लागली! या म्हातारीने आईची परीक्षा घेतली! आई पाठ फिरवून बसली!"

"वीस गुणांपुरती तरी वळली म्हणायची," बाई म्हणाल्या. पण कुणी हसलं नाही. लोकांच्या डोळ्यांत राग दिसत होता, आणि भीतीही. एक बाई ओरडली, "आमच्या मुलांचं काय आता? हिला बाहेर काढा!"

युनरू इतका वेळ आकड्याकडे बघत होती. पाच हजार शंभर, पाच हजार एकशे वीस. तिच्या ओठांची हालचाल होत होती, हिशेब करताना व्हायची तशी. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि तिने खालच्या कडेचा पिवळा मंत्र ओढून फाडला.

गर्दी शहारली. भुतांच्या महिन्यात, भर पौर्णिमेला, मंत्र फाडला.

मंत्राखाली एक बारीक ओळ होती, प्रोसेसरच्या नावाची. युनरूने ती वाचली, पुन्हा वाचली.

"हा प्रोसेसर आमच्या प्रयोगशाळेत आहे," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "रोज वापरते मी. याच्यावर माझ्या कार्डाला लहान चित्रात नऊ हजार येणं शक्यच नाही. कधीच नाही. नऊ हजार आले ती पेटी दुसरी होती."

"ए बाई! हात कापून टाक—"

शिफूचं वाक्य पुरं झालं नाही. मूर्तीसमोर बसलेली निंग आडवी पडली. मान मागे गेली, पाठ कमानीसारखी ताठ झाली आणि हातापायांना हिसके बसू लागले.

शिफूने ती संधी झडप घालून उचलली. "आली! आई आली! मुलीच्या अंगात आली! मंत्र फाडलात ना? बघा, स्वतः आली! वाजव रे!"

ढोल सुरू झाला. माणसं धडाधड गुडघ्यांवर गेली. कुणीतरी उदबत्त्यांचा जुडगा निंगच्या चेहऱ्याजवळ धरला, आणि एक म्हातारा दातखीळ उघडायला चॉपस्टिक घेऊन पुढे सरसावला.

"तोंडात काही घालू नका!" त्सेंगबाई किंचाळल्या, पण ढोलापुढे त्यांचा आवाज पोचेना. गुडघे टेकलेल्या माणसांतून त्यांना वाट मिळेना. त्यांना फक्त युनरू दिसत होती. तिच्या हातात मंत्राचा फाटका कागद होता. एका बाजूला शिफू हात पसरून उभा होता आणि दुसऱ्या बाजूला लेक तडफडत होती. तेवढ्या एका श्वासापुरती युनरू जागची हलली नाही. बाईंना वाटलं, गेली. दोघीही गेल्या हातच्या.

मग युनरूने म्हाताऱ्याच्या हातातली चॉपस्टिक हिसकावली, उदबत्त्या लाथेने उडवल्या आणि निंगला कुशीवर वळवलं.

"बाजूला व्हा! देवी नाही ही. फिट आहे. गोळ्या मी बंद केल्या म्हणून आलीये." ती रडत नव्हती. "आई! औषध! आहे ना तुझ्याकडे?"

पिशवी माणसांच्या डोक्यांवरून पुढे गेली. गर्दीतल्या इंजिनिअरांनी ती हातोहात पोचवली. युनरूने औषध निंगच्या गालाच्या आत सोडलं. ढोलवाल्याला कुणीतरी दरडावलं तेव्हा ढोल थांबला. त्या शांततेत फक्त लहान टाचांचा फरशीवर आपटण्याचा आवाज येत होता. तो किती वेळ येत होता, बाईंना पुढे कधी सांगता आलं नाही. हळूहळू तो विरळ झाला, मग थांबला. निंगचे ओठ निळसर होते. तिने घरघरत एक लांब श्वास घेतला.

रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा कुओने लाल मांडवाचं कापड दोन्ही हातांनी खाली ओढलं. आत होतं ते सगळ्यांनी पाहिलं. लग्नाच्या टेबलाची फिरती तबकडी, माशाचं ताट पाहुण्यांपुढे फिरवायला असते ना, तीच. तिच्यावर पाठीला पाठ लावून दोन सारख्या पेट्या, मध्ये काळी फळी. ढोल वाजायचा, फटाके फुटायचे, तबकडी अर्धी फिरायची. एका पेटीत मंद प्रोसेसर, दुसरीत तगडा. दोन्हींवर हिरवी पाकिटं. एकाची मुदत उलटली होती म्हणून त्याच्या जागी नवं आणलेलं. फांग शिफूला देवीची भीती नव्हती, पण मुदत संपलेल्या पाकिटाची होती.

शिफू तोवर मागच्या दाराने पसार झाला होता. गर्दीतले काही जण शिव्या देत होते, काही आपली कार्डं शोधत होते. आणि दोघी-तिघी मूर्तीपुढची राख कागदात बांधून घेत होत्या. एक दुसरीला म्हणत होती, "आज आई कोपली गं. दुसऱ्या गावी बसेल तो, तिकडे जाऊ."

निंग त्या संध्याकाळी शुद्धीवर आली, तिने पाणी मागितलं. डॉक्टर पलंगाशी उभे राहून विचारत होते, गोळी कधीपासून बंद? त्सेंगबाईंना वाटलं, आपण उत्तर द्यावं, लेकीला या घडीला त्रास नको. पण युनरूने त्यांच्या आधीच तोंड उघडलं आणि तिने पहिल्या चुकलेल्या गोळीपासून सगळं सांगितलं. निंगने जेवताना चमचा किती वेळा तसाच धरून ठेवला, तेही सांगितलं. म्हणजे तिने बघितलं होतं. डॉक्टरांनी तिला दोष दिला नाही. ते म्हणाले, "वेळेत आलात. नेहमी येता येतंच असं नाही."

तर वाचकहो, यात नवल कशाचं आहे? पेटी फिरवण्यात काही नवल नाही, ते जत्रेतला जादूगारही करतो. नवल याचं आहे की फसली ती माणसं अडाणी नव्हती, मोजमापावर पोट भरणारी होती. फांगने त्यांना श्रद्धा ठेवायला सांगितलं नाही, मोजायला सांगितलं, आणि काय मोजायचं ते मात्र स्वतः ठरवलं. म्हणून कुणी चमत्कार दाखवला आणि वर आकडाही दाखवला, तर आकड्याला नमस्कार करू नका. या दोन खेपांमध्ये आणखी काय बदललं, ते विचारा. झाकलंय काय, ते विचारा. झाकण काढू देत नसेल तर उठून घरी जा. आणि तुमच्या लेकराचं औषध कुणी भट्टीत टाकायला सांगितलं, तर तो कुठल्याही देवाचा असो, त्याला काही विचारतही बसू नका. लेकराला उचला आणि दवाखान्याची वाट धरा.